ॲल्युमिनियमचा कर्तनवेग : तक्त्यातील एका आकड्याचा इतिहास

यंत्रशाळेत धातू कापायला घेण्यापूर्वी दोन आकडे ठरवावे लागतात. पहिला कर्तनवेगाचा, म्हणजे हत्याराची धार धातूच्या पृष्ठभागावरून दर मिनिटाला किती मीटर धावते याचा. आणि दुसरा फीडचा, म्हणजे लेथवर कामाच्या एका फेऱ्यात हत्यार किती मिलिमीटर पुढे सरकते, किंवा मिलिंग यंत्रावर कटरचा एकेक दाता किती जाडीचा धातू उचलतो याचा. हे आकडे तक्त्यांत छापलेले असतात आणि तक्ता हा त्या धातूचा स्वभाव सांगतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. पोलादाच्या बाबतीत ही समजूत बरीचशी खरी आहे. ॲल्युमिनियमच्या बाबतीत मात्र गेल्या सव्वाशे वर्षांतील तक्ते तपासले, तर त्यांतील आकड्यांनी धातूच्या मर्यादेपेक्षा त्या त्या काळच्या यंत्रांची आणि हत्यारांची मर्यादाच अधिक नोंदवून ठेवली आहे, असे दिसते.

या तक्त्यांचे मूळ पोलादात आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात फ्रेडरिक विन्स्लो टेलर या तरुण अभियंत्याने १८८० साली रेल्वे इंजिनांच्या चाकांवर बसवायच्या पोलादी धावा कापून पाहण्याचे प्रयोग सुरू केले. हे काम सहा महिन्यांत संपेल असा त्याचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते २६ वर्षे चालले, त्यात ३०,००० हून अधिक प्रयोगांची नोंद झाली आणि ८ लाख पौंडांहून अधिक पोलाद व लोखंड यांचा कीस झाला. डिसेंबर १९०६ मध्ये अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेचा अध्यक्ष या नात्याने टेलरने या कामावरचा प्रदीर्घ प्रबंध सादर केला. त्याचे सार एका समीकरणात सांगता येते : कर्तनवेगाला हत्याराच्या आयुष्याच्या एका लहान घाताने गुणले असता गुणाकार स्थिर राहतो. हाय-स्पीड पोलादाच्या, म्हणजे लालसर तापले तरी धार टिकवणाऱ्या मिश्रपोलादाच्या हत्यारासाठी हा घात सुमारे एक-अष्टमांश येतो. त्याचा व्यावहारिक अर्थ असा, की वेग केवळ दहा टक्क्यांनी वाढवला तर हत्याराचे आयुष्य निम्म्याहून कमी होते. हे हाय-स्पीड पोलादही टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनीच बेथलहेमच्या कारखान्यात सिद्ध केले होते आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याचे प्रात्यक्षिक दाखवले होते.

टेलरच्या पद्धतीचा गाभा असा, की कर्तनवेगाची वरची मर्यादा हत्याराच्या झिजेने ठरते आणि ही झीज मुख्यतः उष्णतेने होते. कठीण पोलाद कापताना हे शब्दशः खरे असल्यामुळे पुढील अर्धशतकात निघालेल्या बहुतेक तक्त्यांनी हीच चौकट गृहीत धरली. टेलरचे प्रयोग मात्र पोलाद आणि ओतीव लोखंड यांवर झाले होते. ॲल्युमिनियम ही त्या काळी यंत्रशाळेतील नवखी धातू होती आणि तिच्यासाठी वेगळा प्रश्न विचारावा लागेल, असे त्या वेळी कोणाला वाटण्याचे कारण नव्हते.

धातू म्हणून ॲल्युमिनियमचे वय तसे लहानच. हान्स क्रिस्टियन अर्स्टेड याने १८२५ मध्ये ती प्रथम वेगळी केली. पण १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाच्या टोकावर तिचा सुमारे पावणेतीन किलोचा लहानसा मनोरा बसवला गेला, तेव्हाही ती मौल्यवान धातूंतच गणली जात होती. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघांनी स्वतंत्रपणे विद्युत-अपघटनाची, म्हणजे वितळलेल्या क्षारात विरघळवलेल्या ॲल्युमिनाचे विजेने विघटन करण्याची पद्धत शोधली आणि थोड्याच वर्षांत भाव कोसळला. भारतातही १८९८ च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी घडवण्यास सुरुवात केली. भांडी ठोकून आणि दाबून घडतात, त्यामुळे तेथे कर्तनवेगाचा प्रश्न येत नव्हता. तो आला इंजिनांबरोबर. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाच्या इंजिनाचे मुख्य कवच सुमारे ८ टक्के तांबे मिसळलेल्या ॲल्युमिनियमचे ओतलेले होते आणि डेटन येथील त्यांच्या सायकलींच्या दुकानात चार्ली टेलर या कारागिराने एक लेथ आणि एक ड्रिल यंत्र एवढ्या सामग्रीवर ते इंजिन सहा आठवड्यांत तयार केले. आडनावाचा हा योगायोग सूचक आहे : एक टेलर पोलादाचे गणित पूर्ण करत असताना दुसरा टेलर कोणत्याही गणिताशिवाय ॲल्युमिनियम कापत होता.

गणिताशिवाय ते जमत होते, कारण ॲल्युमिनियमला कापण्यास बळ कमी लागते. एक घनसेंटिमीटर धातू काढून टाकण्यास पोलादाला जेवढी ऊर्जा खर्च होते, तिच्या साधारण एक-तृतीयांश ऊर्जा येथे पुरते. शिवाय उष्णता वाहून नेण्याची क्षमता मोठी असल्याने धारेपाशी निर्माण झालेली उष्णता लवकर पसरते. अडचण येते ती दुसऱ्याच बाजूने. मऊ ॲल्युमिनियम हत्याराला चिकटते. दाबाखाली आणि मध्यम तापमानावर धातूचे कण धारेवर थरावर थर बसत जातात, त्यांची एक खोटी धार तयार होते, ती काही काळ खऱ्या धारेच्या जागी कापते आणि मग तुटून काही अंश कामाच्या पृष्ठभागावर ओरखडे पाडत निघून जाते. यंत्रशाळेत याला ‘बिल्ट-अप एज’ म्हणतात. सिनसिनाटीच्या मिलिंग यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत हान्स अर्न्स्ट यांनी १९३८ मध्ये कापून निघणाऱ्या चिपांचे जे तीन प्रकार ठरवले, त्यांतील एक याच खोट्या धारेसह निघणाऱ्या सलग चिपेचा होता. कारागिरांनी या चिकटपणावर आपापले उपाय आधीच शोधले होते : धार अधिक तीक्ष्ण आणि मागे झुकलेली ठेवणे, चिप जाण्याच्या खाचा घासून गुळगुळीत करणे, आणि कापताना रॉकेल किंवा डुकराच्या चरबीचे तेल सोडणे. रॉकेलचा उपाय भारतीय यंत्रशाळांतही रूढ झाला आणि टॅपने आटे पाडताना तो अजून वापरला जातो.

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. जर्मन धातुतज्ज्ञ आल्फ्रेड विल्म यांना १९०६ मध्ये असे आढळले, की तांबे आणि थोडे मॅग्नेशियम असलेली ॲल्युमिनियमची मिश्रधातू तापवून पाण्यात एकदम थंड केली आणि मग काही दिवस नुसती ठेवून दिली, तर ती आपोआप कठीण होत जाते. यातून ड्युरॅल्युमिन निघाले आणि त्यापासून पुढे झेपेलिन जातीच्या आकाशनौकांचे सांगाडे व १९१९ मध्ये युंकर्सचे एफ-१३ हे संपूर्ण धातूचे प्रवासी विमान तयार झाले. पोलादाच्या जगात कठीण म्हणजे कापण्यास अवघड. ड्युरॅल्युमिन मात्र शुद्ध ॲल्युमिनियमपेक्षा कित्येक पटींनी बळकट असूनही कापण्यास अधिक सोयीचे ठरले, कारण ते कमी चिकटते आणि त्याची चिप तुटून निघते. टेलरच्या चौकटीत ही गोष्ट कोठेच बसत नव्हती. कर्तनवेग वाढवला की खोटी धार कमी होते, हे निरीक्षणही तसेच विसंगत होते. पोलादात ज्या वेगाला घाबरायचे, तोच वेग येथे उपाय ठरत होता.

वेग वाढवणारी पहिली यंत्रे लोहारकामाच्या परंपरेतून आली नाहीत, ती सुतारकामातून आली. लाकडाला खाचा व कडा पाडणारे राउटर दर मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेत असे, आणि विमानांच्या कारखान्यांनी १९३० च्या दशकात व महायुद्धाच्या काळात ॲल्युमिनियमच्या पत्र्यांच्या थप्प्या एकत्र बांधून त्या अशाच राउटरांवर कापण्यास सुरुवात केली. एक किंवा दोन दाते, मोठी खाच, तीक्ष्ण धार, ही आजच्या ॲल्युमिनियमच्या कटरची रचना लाकडाच्या कटरशी जवळचे नाते सांगते. धातुकामाच्या इतिहासात या सुतारी ऋणाची दखल फार थोड्यांनी घेतली आहे.

याच काळातील सर्वांत धाडसी प्रयोगही करवतीचाच होता. जर्मनीतील क्रुप कंपनीत काम करणारे कार्ल सालोमन यांनी गोल करवतीसारखी मोठ्या व्यासाची पाती वापरून धातू अतिवेगाने कापून पाहिले आणि त्यावर एप्रिल १९३१ मध्ये जर्मन पेटंट मिळवले. ॲल्युमिनियमसाठी त्यांनी गाठलेला वेग मिनिटाला १६,५०० मीटर असल्याचे सांगितले जाते. ताशी मापात हा वेग सुमारे ९९० किलोमीटर होतो, म्हणजे आजचे प्रवासी जेट विमान ज्या वेगाने उडते त्याहून किंचित जास्त. त्याच काळात हाय-स्पीड पोलादाच्या हत्याराने ॲल्युमिनियम कापण्याचा रूढ वेग मिनिटाला शंभर मीटरच्या आसपास होता. सालोमन यांचे प्रतिपादन असे, की वेग वाढवत नेला की धारेचे तापमान आधी वाढते, एका शिखराला पोचते आणि त्यापुढे वेग आणखी वाढवला तर ते उतरू लागते. शिखराच्या अलीकडे आणि पलीकडे काम करता येते, मधला पट्टा मात्र हत्याराला झेपत नाही, आणि या पट्ट्याला त्यांनी जणू ओलांडायची दरी मानले. त्यांच्या नोंदींपैकी बहुतेक दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाल्या. मागे राहिले ते पेटंट आणि काही वक्ररेषा, ज्यांतील अनेक रेषांचे भाग प्रत्यक्ष मोजमापाचे नसून अंदाजाने पुढे वाढवलेले होते.

वाचणाऱ्याला भुरळ घालणारे असे प्रतिपादन पुढे चाळीस वर्षे अभियंत्यांना खुणावत राहिले. १९५८ पासून अमेरिकेत लॉकहीड कंपनीत रॉबर्ट वॉन यांनी हवाई दलासाठी केलेल्या प्रयोगांत तर बंदुकीच्या धर्तीवर नमुना उडवून तो स्थिर हत्यारावरून नेण्याची युक्तीही वापरली गेली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस व्हॉट कंपनीतील एफ. जे. मॅकगी यांनी ॲल्युमिनियमवर काळजीपूर्वक मोजमापे केली, तेव्हा तापमान शिखर गाठून उतरत असल्याचे दिसले नाही. ते वेगाबरोबर वाढत वाढत धातूच्या वितळणबिंदूजवळ येते आणि तेथे जवळजवळ स्थिरावते, असा निष्कर्ष निघाला. सालोमन यांचा सिद्धान्त त्यामुळे चुकीचा ठरला, तरी अतिवेगाने कापण्याची त्यांची शिफारस बरोबर निघाली. विज्ञानाच्या इतिहासात अशी उदाहरणे विरळ नाहीत, पण इतके चोख उदाहरण क्वचितच सापडते.

शिफारस बरोबर निघण्याचे कारण वितळणबिंदूतच आहे. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि विमानात वापरल्या जाणाऱ्या बळकट मिश्रधातू तर ५०० अंशांच्या आसपासच वितळू लागतात. कापले जाणारे द्रव्य ज्या तापमानाला वितळते, त्याच्या फार वर धारेचे तापमान जाऊ शकत नाही. हाय-स्पीड पोलाद सुमारे ६०० अंशांना मऊ पडू लागते, म्हणून त्याला थोडी काळजी घ्यावी लागते. पण टंगस्टन कार्बाइड, म्हणजे टंगस्टन व कार्बन यांच्या संयुगाची भुकटी कोबाल्टच्या बंधकात दाबून, तापवून केलेले द्रव्य, याहून कितीतरी अधिक तापमानाला कठीण राहते. ओसराम कंपनीतील कार्ल श्र्योटर यांनी १९२३ मध्ये ते सिद्ध केले आणि क्रुपने १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘विडिया’ या नावाने बाजारात आणले. हे नाव ‘हिऱ्यासारखे’ या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून बनवलेले आहे. कार्बाइडच्या हत्याराला ॲल्युमिनियमची उष्णता इजाच करू शकत नाही. म्हणून टेलरचे समीकरण येथे जवळपास मुके होते आणि वेगाची वरची मर्यादा शोधायला हत्याराकडे न पाहता यंत्राकडे पाहावे लागते.

यंत्राची मर्यादा साध्या गणिताने कळते. दर मिनिटाचे फेरे काढण्यासाठी मीटरमधील कर्तनवेगाला १००० ने गुणून, त्याला पाय आणि मिलिमीटरमधील व्यास यांच्या गुणाकाराने भागतात. १० मिलिमीटर व्यासाच्या कटरला मिनिटाला ३०० मीटर वेग द्यायचा, तर स्पिंडल, म्हणजे कटर धरून फिरणारा मुख्य दंड, दर मिनिटाला सुमारे ९,५५० वेळा फिरला पाहिजे. दाता ०.०५ मिलिमीटर जाडीची चिप उचलतो आणि दाते दोन आहेत असे धरले, तर टेबल मिनिटाला सुमारे ९५५ मिलिमीटर सरकले पाहिजे. दातेचाकांच्या पेटीवर चालणारी जुनी मिलिंग यंत्रे मात्र ४५, ७१, ११२, १८०, २८०, ४५०, ७१०, ११२०, १८०० अशा भूमितीश्रेणीच्या पायऱ्यांनीच फिरत. सर्वांत वरची पायरी लावली, तरी १० मिलिमीटरच्या कटरला मिनिटाला ५७ मीटरच मिळत. अशा यंत्रासमोर उभ्या असलेल्या कारागिराच्या दृष्टीने ॲल्युमिनियमच्या वेगाची ‘निवड’ म्हणजे शेवटचा खटका ओढणे एवढेच होते. त्याच्या हाती खरोखर उरत असे ते फीड, आणि तेथे तो चुकण्याची शक्यता अधिक. कारण घाबरून फीड फार कमी ठेवले, की दाता कापण्याऐवजी घासू लागतो, धातू तापते आणि चिकटते.

भारतातील यंत्रशाळांचा बराच काळ या पायऱ्यांच्या यंत्रांवरच गेला. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहभागाने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली, तेव्हा विमानी ॲल्युमिनियमचे काम देशात प्रथमच मोठ्या प्रमाणावर आले. १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर कंपनी लेथ बनवू लागली. १९६० मध्ये पुण्यात सँडविकच्या भारतीय कंपनीची स्थापना होऊन कार्बाइडची हत्यारे महाराष्ट्रातच मिळण्याची सोय झाली. आणि १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझर येथे मिग-२१ विमानांसाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. दरम्यान १९५६ च्या वजन-मापे कायद्यानुसार देश दशमान पद्धतीकडे वळला आणि फूट-प्रतिमिनिटाचे तक्ते पाठ असलेल्या एका पिढीला मीटरचे तक्ते नव्याने शिकावे लागले. बंगळूरच्या केंद्रीय यंत्र-अवजार संस्थेने पुढे आपल्या हस्तपुस्तिकेत कर्तनवेगांचे आकडे संकलित केले, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी ते तेथूनच घेतले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या पाठ्यपुस्तकांतील तक्ता हाय-स्पीड पोलादाच्या हत्यारासाठी ॲल्युमिनियमचा वेग मिनिटाला ७० ते १०० मीटर देतो. जुन्या लेथवर मध्यम व्यासाचा दांडा धरला, की साधारण तेवढाच वेग मिळतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

ही कोंडी विमानांनी फोडली. जेट विमानांच्या पंखांचे जाड पत्रे आतील आडव्या कण्यांसह एकाच ठोकळ्यातून कोरून काढण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ होऊ लागली. अशा कामात मूळ ठोकळ्याचा ऐंशी-नव्वद टक्के भाग चिपांच्या रूपाने निघून जातो, त्यामुळे धातू काढण्याचा दर हाच खर्चाचा मुख्य घटक बनतो. जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेवरून आणि अमेरिकी हवाई दलाच्या पैशावर मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेने १९५२ मध्ये अंकांच्या आज्ञेने चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे जे प्रात्यक्षिक दाखवले, त्यामागे अशा भागांचीच निकड होती. या यंत्राने कर्तनवेग आणि फीड यांना कारागिराच्या हातातून काढून कागदी फितीवर नेले. आकडा आता आधी लिहावा लागणार होता, म्हणून त्याचा भरवसाही आधी हवा होता. १९६४ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने सिनसिनाटीच्या मेटकट या संस्थेत यंत्रणक्षमतेच्या माहितीचे केंद्र स्थापन केले आणि १९६६ मध्ये तेथून जाडजूड हस्तपुस्तिका निघाली, ती याच गरजेतून.

या सर्व विवेचनाला एक मोठा अपवाद आहे आणि तो सिलिकॉनचा. इंजिनाचे दट्टे आणि कवचे यांसाठी ॲल्युमिनियममध्ये १२ टक्के किंवा त्याहून अधिक सिलिकॉन मिसळतात; प्रमाण १२ टक्क्यांहून वाढले, की सिलिकॉनचे अतिकठीण खडे धातूत विखुरलेले राहतात आणि धार वाळूसारखी घासून काढतात. १९७० मध्ये बाजारात आलेल्या शेव्हरोले व्हेगा मोटारीच्या इंजिनाचे ठोकळे सुमारे १७ टक्के सिलिकॉनच्या मिश्रधातूचे होते. येथे टेलरचे समीकरण पुन्हा पूर्ण ताकदीने लागू होते, कार्बाइडही लवकर झिजते, आणि म्हणून कृत्रिम हिऱ्यांचे कण एकत्र बांधून केलेली हत्यारे, जी १९७० च्या दशकात प्रचारात आली, या उद्योगाने चटकन स्वीकारली. पुणे, चाकण आणि वाळूज येथील वाहनउद्योगाच्या पट्ट्यात ॲल्युमिनियमचे काम मुख्यतः अशा ओतीव, सिलिकॉनयुक्त भागांचेच असल्यामुळे तेथील तंत्रज्ञाचे ॲल्युमिनियम आणि ओझरच्या तंत्रज्ञाचे ॲल्युमिनियम या जवळजवळ दोन वेगळ्या धातू आहेत.

उरलेल्या मिश्रधातूंसाठी १९८० नंतर दर मिनिटाला वीस, तीस, चाळीस हजार फेरे घेणारी स्पिंडले आली. जर्मनीत डार्मश्टाट येथे हर्बर्ट शुल्ट्झ यांच्या गटाने चुंबकीय धारव्यांवर तरंगणाऱ्या स्पिंडलांसह केलेले काम या बाबतीत अग्रगण्य मानले जाते. वेगाची जुनी भिंत पडली, तेव्हा तिच्यामागे दुसरी दिसली : थरथर. यंत्र, कटर आणि काम यांची रचना कापण्याच्या बळाने कंप पावू लागते आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. यिर्झी त्लुस्ती आणि स्टीफन टोबायस यांनी १९५० च्या दशकापासून मांडलेल्या सिद्धान्तानुसार काही विशिष्ट फेऱ्यांना हा कंप दबतो आणि त्याहून थोडे कमी किंवा जास्त फेरे ठेवले, तर तो उसळतो. दर सेकंदाला किती दाते धातूत शिरतात आणि रचना स्वभावतः किती कंपने करते, यांच्या मेळावर हे अवलंबून असते. अतिवेगात हे शांत पट्टे रुंद होतात, त्यामुळे त्यांचा उपयोग मुख्यतः ॲल्युमिनियमलाच झाला. कटरच्या टोकावर लहान हातोडीने टोला देऊन त्याची कंपने मोजायची आणि त्यावरून फेरे ठरवायचे, अशी रीत विमानउद्योगात यामुळे पडली. अशा रीतीने ठरवलेला आकडा एका यंत्राचा, एका धारकाचा आणि एका लांबीच्या कटरचा असतो. शेजारच्या यंत्रावर तो चालेलच असे नाही. धातूच्या नावापुढे एकच वेग छापणारा तक्ता अशा ठिकाणी केवळ सुरुवातीचा अंदाज म्हणून उरतो.

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने उद्योजक, गिरण्या आणि कामगार चळवळी यांभोवती झाले आहे आणि ते योग्यही आहे. पण यंत्र किती वेगाने चालवता येत होते, हत्यार कशाचे होते आणि कामगाराच्या हाती नेमकी कोणती निवड होती, हे कळण्याचे साधन गतीच्या पायऱ्या कोरलेल्या पत्र्याच्या पाट्यांत, भिंतीवरच्या तक्त्यांत आणि टर्नरांनी स्वतःसाठी लिहून ठेवलेल्या वह्यांत आहे. जुनी यंत्रे भंगारात निघताना या पाट्याही वितळवल्या जातात आणि वह्या रद्दीत जातात. विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी आणि औद्योगिक वसाहतींतील संघटनांनी त्या गोळा करून त्यांची व्यवस्थित सूची करावी.